न विकलेला वेळ

(वसंत व्याख्यानमालेत ‘अमेरिकेतील रेडिओ मनोरंजनाचा सुवर्णकाळ’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या विषयाबद्दल माझं एक ठाम मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घड्याळ आडवं आलं तरी मुख्य मुद्दा तुमच्यापर्यंत पोहोचलेला असेल. अमेरिकन रेडिओनं १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत जे थोर काम केलं, त्यातलं बरंचसं ज्या वेळेला गिऱ्हाईक मिळालं नाही, त्या वेळेत केलं. साबणवाल्यानं, सिगारेटवाल्यानं, कॉफीवाल्यानं जो अर्धा तास विकत घेतला नाही, त्या अर्ध्या तासात तिथले लेखक आणि नट मोकळे झाले.

पिट्सबर्गचं केडीकेए केंद्र, १९२० च्या निवडणुकीचे निकाल, १९२६ ला एनबीसी आणि पुढच्या वर्षी सीबीएस या देशव्यापी रेडिओ कंपन्या, हा इतिहास तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. एकच तारीख घेऊ या. २८ ऑगस्ट १९२२. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर एका बांधकाम कंपनीनं पैसे भरून जॅक्सन हाइट्स भागातल्या सदनिकांची महती सांगितली. त्याच वर्षी वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी इशारा दिला होता की सेवेची एवढी मोठी शक्यता जाहिरातीच्या बडबडीत बुडू देणं कल्पनेपलीकडचं आहे. दहा वर्षांत ती बुडाली. कार्यक्रम रेडिओ कंपनी करत नव्हती, जाहिरात संस्था करत होत्या. लेखक त्यांचा, नट त्यांचे, संहितेवर शेवटचा हात त्यांचा. पामोलिव्हच्या कार्यक्रमात व्हर्जिनिया रे आणि फ्रँक मन असे दोन उत्तम गायक होते. श्रोत्यांना ते कोणत्या नावांनी माहीत होते? ऑलिव्ह पामर आणि पॉल ऑलिव्हर! (हशा) हसू येतं, पण विचार करा. गळा स्वतःचा आणि नाव साबणाचं.

आता न विकलेला वेळ आला कुठून? रेडिओलहरी सार्वजनिक, परवाना सरकारचा, आणि कायद्यात अट अशी की प्रक्षेपण लोकहिताचं असावं. त्यामुळे गिऱ्हाईक नसलेल्या वेळेत काहीतरी अभिमानानं दाखवता येईल असं करणं कंपन्यांना सोयीचं होतं. बडी गिऱ्हाइकं जास्त करून एनबीसीकडे गेलेली होती. सीबीएसकडे रिकाम्या जागा जास्त राहिल्या, आणि माझ्या मते त्या रिकाम्या जागांनीच सीबीएसचं नाव झालं. १९३६ मध्ये त्यांनी ‘कोलंबिया वर्कशॉप’ सुरू केलं. आवाजाचे, माइकचे, लेखनाचे प्रयोग करायची ती जागा. पुढच्याच वर्षी त्यांनी आर्चिबाल्ड मॅक्लिश या कवीचं ‘द फॉल ऑफ द सिटी’ हे पद्यनाट्य केलं. गर्दीचा आवाज स्टुडिओत पोकळ वाटेल म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका रेजिमेंटच्या शस्त्रागाराचं प्रचंड दालन घेतलं, माणसं गोळा केली आणि थेट प्रक्षेपण केलं. हुकूमशहा येतो आणि लोक आपण होऊन त्याच्यापुढे लोटांगण घालतात, असं ते नाटक. साल १९३७! यात टूथपेस्ट विकायला कोण येणार होतं?

निवेदकाचं काम केलं होतं बाविशीच्या आत-बाहेरच्या ऑर्सन वेल्सनं. वेल्सचं नाव निघालं की मंगळावरच्या स्वारीची गोष्ट सांगा, अशी फर्माइश होते. ३० ऑक्टोबर १९३८, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. ती गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. त्या नाटकातली स्वारी खरी समजून सगळी अमेरिका रस्त्यावर पळाली, ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली कथा आहे. रेडिओनं त्यांच्या जाहिराती पळवल्या होत्या, तो राग त्यात होता. त्या रात्री हूपर संस्थेनं सुमारे पाच हजार घरांत फोनवर विचारणा केली, तेव्हा वेल्सचा कार्यक्रम ऐकणारे दोन टक्के निघाले. बाकीची मोठी गर्दी कॉफीच्या कार्यक्रमाकडे होती, एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराकडे. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ हलतात की नाही हे कोण बघणार? (हशा) पण लोकांनी त्याच्या बाहुल्यावर मनापासून प्रेम केलं.

माझ्या दृष्टीनं त्या रात्रीची मोलाची गोष्ट वेगळीच आहे. वार्ताहराचं काम करणारा नट होता फ्रँक रीडिक. आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळालं, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या वार्ताहराचा आवाज बोलता बोलता फुटला होता. ते ध्वनिमुद्रण रीडिकनं पुन्हा पुन्हा ऐकलं. शांतपणे वर्णन करणारा माणूस कोणत्या क्षणी तोल सोडतो, श्वास कुठे अडकतो, हे त्यानं कानांनी शिकून घेतलं. एवढी मेहनत, आणि हा कार्यक्रम विनाप्रायोजक होता. गाजावाजा झाला तसं सूपवाल्या कँपबेल कंपनीनं तो विकत घेतला. डिसेंबरपासून नाव झालं ‘कँपबेल प्लेहाउस’, आणि वेल्स ‘रेबेका’सारख्या खपाच्या कादंबऱ्यांकडे वळला. कामं चांगलीच झाली. पण तो धोका पत्करणं पुन्हा झालं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘जॅक बेनी प्रायोजित होता, त्याचं काय?’ प्रश्न बरोबर आहे आणि तो मी टाळणार नाही. माझं मत एवढं कच्चं नाही की जॅक बेनीनं ते मोडेल. (हशा) बेनी थोर होता. त्याला जिलेटिनची मिठाई विकणाऱ्यांनी पोसलं, नंतर सिगारेटवाल्यांनी पोसलं. कार्यक्रमातला बेनी म्हणजे महाकंजूष, वय कायम एकोणचाळीस, तिजोरी तळघरात, व्हायोलिन बेसूर. बाकी सगळी पात्रं त्याच्यावर विनोद करणार आणि हा ऐकून घेणार.

मार्च १९४८ मधला त्याचा तो चोराचा प्रवेश. रात्री रस्त्यात चोर अडवतो आणि विचारतो, पैसे देतोस की जीव? बेनी गप्प. शांतता. लोक हसायला लागतात, कारण वर्षानुवर्षं ऐकून हा माणूस त्यांच्या घरातलाच झाला आहे. त्याच्या मनात काय चाललंय ते त्यांना कळतं. चोर वैतागून पुन्हा विचारतो. मग बेनी चिडून म्हणतो, विचार करतोय ना! (प्रचंड हशा)

याची जन्मकथाही सांगतो. वेळ जाईल, पण सांगतोच. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकबेरी हे त्याचे दोन लेखक खोलीत बसले होते. चोराचा प्रश्न सुचला होता, उत्तर सुचत नव्हतं. जोसेफ्सबर्ग फेऱ्या मारत होता आणि टॅकबेरी कोचावर आडवा, ढिम्म. शेवटी जोसेफ्सबर्ग भडकला, काहीतरी बोल की रे! टॅकबेरी तसाच पडल्या पडल्या म्हणाला, विचार करतोय ना. आणि क्षणभरानं दोघांनाही कळलं की उत्तर सापडलं. (हशा, टाळ्या) जोसेफ्सबर्गनंच हे पुढे लिहून ठेवलं आहे.

आता यात माझं मत कुठे बसतं, ते बघा. ज्या माध्यमात सेकंद मोजून विकला जातो, तिथे बेनीनं गप्प राहून दाखवलं. ते त्याला परवडलं, कारण त्याची लोकप्रियता एवढी होती की प्रायोजकाला त्याची गरज जास्त होती. असा मान किती जणांना मिळाला? फ्रेड अ‍ॅलनही तेवढाच लोकप्रिय होता. एप्रिल १९४७ मध्ये त्यानं एनबीसीच्या अधिकाऱ्यांवर विनोद केला, तर कंपनीनं चालू कार्यक्रमात त्याचा आवाज बंद केला. बेनीची शांतता त्याची स्वतःची होती, अ‍ॅलनची त्याच्यावर लादलेली होती. चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्रांनी हा फरक लक्षात घ्यावा.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. मला कल्पना आहे. सोप ऑपेराचा सगळा भाग गाळतो. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. एवढंच नोंदवतो की व्हर्जिनिया पेन या एकाच अभिनेत्रीनं ‘मा पर्किन्स’ ही भूमिका १९३३ पासून १९६० पर्यंत केली, सत्तावीस वर्षं. त्या बाईंबद्दल मला अपार आदर आहे.

शिकागोबद्दल मात्र बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. डब्ल्यूएमएक्यू हे केंद्र. १९२८ मध्ये इथे ‘एमॉस अँड अँडी’ सुरू झालं. दोन गोरे नट काळ्यांची बोली वेडीवाकडी करून बोलत. पुढच्या वर्षी पेप्सोडेंटनं ते देशभर नेलं. त्या वेळेला चित्रपटगृहांत सिनेमा थांबवून रेडिओ लावत, इतकं वेड. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं १९३१ मध्ये त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली, तरी कार्यक्रम चालूच राहिला. आणि याच केंद्रावर, वीस वर्षांनी, १९४८ च्या जूनपासून रविवारी सकाळी रिचर्ड डरहॅम या कृष्णवर्णीय लेखकानं ‘डेस्टिनेशन फ्रीडम’ लिहायला घेतलं. हॅरिएट टबमनसारख्या स्त्रीपुरुषांची चरित्रं, दर आठवड्याला अर्धा तास, गुलामगिरीविरुद्ध आणि वर्णद्वेषाविरुद्ध सरळ, संतापानं भरलेली. एकच केंद्र, एकच शहर. पेप्सोडेंटच्या पैशानं एक कार्यक्रम घरोघर पोहोचवला. दुसऱ्यामागे टूथपेस्ट किंवा साबण विकणारं कुणी नव्हतं, म्हणून तो लिहिता आला. १९५० मध्ये तो संपला. माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही आणि मला लागतही नाही. (टाळ्या)

रेडिओलेखक नॉर्मन कॉर्विन. यांच्यासाठी दहा मिनिटं ठेवली होती, आता दोन उरली आहेत. अमेरिकन हक्कसनदेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त सरकारच्या विनंतीवरून ते कार्यक्रम लिहीत होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते आगगाडीत, कॅलिफोर्नियाच्या वाटेवर होते. कार्यक्रम रद्द करायचा का, अशी त्यांनी वॉशिंग्टनला विचारणा केली. उत्तर आलं, आता तर तो जास्तच हवा आहे. १५ डिसेंबर १९४१ ला चारही नेटवर्कवरून एकाच वेळी ‘वी होल्ड दीज ट्रुथ्स’ झालं. शेवटी रूझवेल्ट स्वतः बोलले. अंदाजे सहा कोटी लोकांनी ते ऐकलं. मध्ये कुठेही साबण नाही, सूप नाही. मग जे म्हणतात की विनाप्रायोजक कार्यक्रम म्हणजे मूठभर विद्वानांची चैन, त्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावं. आणि अशा माणसाला युद्धानंतर सीबीएसचे प्रमुख पेली यांनी समजावलं, की आता जास्तीत जास्त लोकांना रुचेल असं लिहायला हवं. १९४९ मध्ये कॉर्विननी सीबीएस सोडलं.

‘सॉरी, राँग नंबर’ राहूनच जातं आहे. लुसिल फ्लेचरचं लेखन, अ‍ॅग्नेस मूरहेडचा अभिनय, मे १९४३. अंथरुणाला खिळलेली बाई, हाताशी फोन, चुकून जोडल्या गेलेल्या लाइनवर तिला एका खुनाचा बेत ऐकू येतो. हळूहळू कळतं की खून तिचाच व्हायचा आहे. पहिल्या प्रक्षेपणात शेवटी एका नटाचं वाक्य चुकलं, लोकांना अखेर नीट कळेना, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा करावं लागलं. मूरहेडनं ते पुढे अनेकदा केलं. ‘सस्पेन्स’ ही मालिकाही त्या वेळी विनाप्रायोजकच होती. मद्यवाले त्यानंतर, डिसेंबरात आले.

दूरचित्रवाणी आली आणि श्रोते घटले, हे मी नाकारत नाही. पण मनोरंजनाची ती कला जुनी झाली म्हणून मेली, हे मला मान्य नाही. १९५२ मध्ये, टीव्ही घराघरांत शिरत असताना, ‘गनस्मोक’ रेडिओवर सुरू झालं. तेही प्रायोजकाशिवाय, आणि काय दर्जाचं! ते १९६१ पर्यंत चाललं. जाहिरातीचा पैसा चित्राकडे गेला आणि रेडिओकडे नाटक करायला दुसरा पैसाच ठेवलेला नव्हता. ३० सप्टेंबर १९६२ ला सीबीएसनं ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या उरलेल्या दोन्ही नाट्यमालिका एकाच दिवशी बंद केल्या. इंग्लंडमध्येही टीव्ही आला होता. पण बीबीसीचा रेडिओ जाहिरातीवर जगत नव्हता, म्हणून १९५१ मध्ये देशभर सुरू झालेली ‘द आर्चर्स’ ही मालिका तिथले लोक आजही ऐकतात.

दिवे मिचकावले जात आहेत, थांबतो. एक विनंती आहे. यातल्या बऱ्याच कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. ‘सॉरी, राँग नंबर’पासून सुरुवात करा. आपल्याकडे आकाशवाणी आहे, तिचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो, आणि तिच्याकडे न विकलेला वेळ भरपूर आहे. श्रुतिका ज्यांना आवडतात त्यांनी आपल्या जवळच्या केंद्राला पत्र लिहून नव्या श्रुतिका मागाव्यात. पत्र एकानं नव्हे, या सभागृहातल्या प्रत्येकानं लिहावं. 

(टाळ्या)