सुई, दोरा आणि हातमागाचे कापड
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वार्षिक संमेलनात शिक्षकाने अभ्यास, शिस्त आणि निकाल यांवर बोलावे असा प्रघात आहे. त्या विषयांवर बोलणारी वडीलधारी मंडळी व्यासपीठावर आहेत. मी आपणांशी कापडाविषयी बोलणार आहे. तेही हातमागाच्या कापडाविषयी, आणि ते शिवायला शिकताना मुलांची जी दमछाक होते तिच्याविषयी.

"दहावीत नापास झाली ना? मग बसवा मशीनवर." हे वाक्य मी डोलवीत ऐकले आहे, वडखळला ऐकले आहे, पेणच्या बाजारातही ऐकले आहे. शिवणकामाला जणू डोके लागतच नाही! ज्यांना तसे वाटते त्यांनी अडीच मीटर खादी घ्यावी आणि मुलीच्या मापाची कमीज बेतून दाखवावी. आपल्या परंपरेत हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांना लेखणी चालवणारे पहिले आणि कपडा शिवणारेही पहिले मानतात. म्हणूनच दर्जी समाजातील पुष्कळ लोक स्वतःला इद्रीसी म्हणवतात. लेखणी आणि सुई एकाच हाती होती, हे आपण विसरलो.

आता हे कापड अवघड का, ते सांगतो. गिरणीचे कापड कारखान्यातून ताणून, सारखे होऊन येते. त्याचा अर्ज पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत तोच. हातमागावर विणकर फणी हाताने ठोकतो. सकाळी हात ताजा असतो, संध्याकाळी थकतो, आणि ते कापडात उतरते. खादीत तर सूतही हाताने कातलेले, कुठे जाड, कुठे बारीक. त्यात ताण्याचे धागे मागावर ओढून धरलेले असतात. पहिले पाणी लागले की ते सैल पडतात, खळ निघून जाते, आणि कापड आटते. मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज, कधी त्याहून जास्त.

आमच्या वर्गातील एका मुलीची हकीगत याच ठिकाणी सुरू होते. नाव सांगत नाही, ती समोर बसली आहे. तिने ईदसाठी खादीची कमीज शिवली. कापड भिजवून घे, असे तिला सांगितले होते. पण ईद चार दिवसांवर आली होती आणि कापड कोरे-करकरीत छान दिसत होते. तिने तसेच बेतले. पहिल्या धुण्यात बाही मनगटावरून वर चढली, मुंढा काखेत काचू लागला. अब्बा पोलाद कारखान्यात कंत्राटी कामावर. त्यांनी पैसे जपून दिले होते. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी साधे बाजारचे कापड घे." मुलीला हे रागावण्यापेक्षा जास्त लागले. दोन आठवडे ती वर्गाकडे फिरकली नाही.

परत आली ती कमीज पिशवीत घालून. धाकट्या बहिणीच्या मापाची करायची, असे ठरवून आली होती. उसवायला बसली आणि दुसरे संकट समोर आले. हातमागाची वीण सैल, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात. शिवणीत तिने जेमतेम बोटभर माया सोडली होती, ती निम्मी झडून गेली होती. टाकेही फार बारीक घातलेले. बारीक टाका मजबूत असतो हा समज पॉलिस्टरपुरता ठीक आहे. सैल विणीच्या कापडात फार जवळजवळ टोचले तर कापडच शिवणीवर फाटते. इंचाला दहाच्या आसपास टाके पुरेत. मध्यम कापडाला चौदा नंबरची सुई, जाड खादीला सोळाची, आणि दोरा सुती. हे तिच्या वहीत लिहिलेले होते. पण वहीतले हातात उतरायला एक कमीज जावी लागली.

मग ती दुमडशिवण शिकली: आधी उलट्या बाजू समोरासमोर धरून शिवायचे, कडा कातरून कापड पालटायचे आणि त्या कडा आत कोंडून पुन्हा टीप मारायची. वेळ दुप्पट लागतो, पण धागा बाहेर डोकावत नाही. कापड सरळ कापण्यासाठी रेघ मारण्याऐवजी बाण्याचा एक धागा ओढून काढायचा आणि त्याच्या रिकाम्या वाटेवरून कात्री न्यायची, हेही ती शिकली. गळा कापताच कडेने धावदोरा घालायचा, नाहीतर शिवेपर्यंत तो ओघळतो. बहिणीची कमीज झाली. एक खांदा किंचित उतरता आहे. बहीण ती घालते.

असल्या अडचणी आपल्याच वाट्याला येतात असे नाही. महात्मा गांधींच्या आश्रमात प्रथम जी खादी निघाली तिचा अर्ज अवघा तीस इंच होता आणि वाराला सतरा आणे खर्च पडला. धोतराला तो अर्ज पुरेना. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत भेटलेल्या गंगाबेन मजमुदार यांनी चरखा शोधून काढला होता. गांधीजींनी त्यांना बजावले, महिन्याभरात पंचेचाळीस इंची धोतर मिळाले नाही तर आखूड धोतर नेसेन. गंगाबेननी मुदतीत जोडी दिली. त्या दिवसांत सूत कातायला पेळूही मिळत नव्हते. ते आपल्या गिरणीतून पुरवणारे गृहस्थ होते मुंबईचे उमर सोबानी. स्वतः गिरणीमालक असून त्यांनी चरख्याला हात दिला. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची होळी झाली ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

आणि कापडाशी आपले नाते काय खादीपुरते आहे? अलिबागपलीकडचे चौल सोळाव्या शतकात रेशीम विणण्यासाठी समुद्रापार ठाऊक होते. मालेगाव, भिवंडीचे मोमीन विणकर आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू आणि मशरू पाहा. मशरू म्हणजे शरीअतीला मान्य. पुरुषाच्या अंगाला शुद्ध रेशीम लागू नये म्हणून विणकराने वरच्या बाजूला रेशीम आणि आतून सूत अशी वीण बसवली. धर्माचा नियमही पाळला गेला आणि चमकही राहिली. असे डोके चालवणाऱ्याला आपण अडाणी कारागीर म्हणावे काय? शिवणाऱ्याची मात्र कसोटी असते, कारण ते कापड खादीहूनही लवकर सुटते.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवावा, हा त्या योजनेचा गाभा. बी.एड.ला आम्ही ती परीक्षेपुरती वाचली. टेप हातात घेतलेल्या मुलीला छातीच्या मापाचा चौथा भाग काढून त्यात सैलपणा आणि माया मिळवताना पाहिले, तेव्हा मला ती समजली. अपूर्णांकाला घाबरणारी तीच मुलगी होती.

मुलग्यांच्या पालकांना एक विचारतो. बाजारात शिंप्याच्या दुकानात पुरुष बसतो, त्याला आपण मास्टर म्हणतो. मग शाळेच्या शिवणवर्गात मुलगा बसला की हसायचे का? यंदा दोघे आले. एक आठवड्यातच गेला. दुसरा उरला आहे आणि त्याची काजे मुलींपेक्षा सुबक होतात, हे त्या स्वतः कबूल करतात.

मे महिन्याच्या सुटीत वर्ग सकाळी भरेल. पायाची दोन यंत्रे मोकळी असतात. येणाऱ्याने एक मीटर हातमागाचे कापड आणावे. जुनी धुतलेली खादीची चादर किंवा अब्बांचा जुना कुर्ता असेल तर उत्तम, ते आटण्याची भीती नाही. कोरे कापड असेल तर आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवून आणावे. कात्री आम्ही देऊ.