गवत्याला पाला, पण मोजून

आपल्या जालना जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांत फळबागेसाठी शेततळी झाली. आमच्या गटानं तशाच एका तळ्यात रोहू, कटला आणि गवत्या मासा सोडला. गवत्या पालाच खातो. लसूणघास टाकला की शेळीसारखा ओढतो.

आम्हाला वाटलं, जितका पाला तितकं वजन. श्रावणात तीन दिवस आभाळ राहिलं, उरलेला पाला कुजला. चौथ्या पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. पन्नासेक मेले. कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ नवा फारसा देत नाही. आता बांबूच्या तरंगत्या चौकटीतच पाला टाकतो, संध्याकाळी उरलेला काढतो. ढगाळ दिवशी टाकतच नाही.

दुसरं चुन्याचं. शेजारणीनं टाकला म्हणून आपणही टाकायचा, असं नको. ज्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर धरतो, त्यात कॅल्शियम आधीच असतं. सामू साडेसात ते साडेआठ असेल तर चुना नकोच. तो फार चढला तर माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त विषारी होतो. पावसाच्या मऊ पाण्याला लागू शकतो, तोही थोडा, विझवून. सामू सकाळी बघा आणि दुपारीही, उन्हात तो चढतो. पट्ट्यांची डबी आमच्याकडे आहे, बैठकीला मागा.