सायलेन्सरचें टोंक



मोटारीच्या मागील बाजूस धूर सोडणारी जी नळी असते, तिच्या चकचकीत टोंकाविषयीं आज मी बोलणार आहें, हें ऐकून कांहीं जणांना हंसूं येईल. इंजिन, ब्रेक असे भारदस्त विषय सोडून हें वीतभर टोंकच कां? कारण असें कीं, इंजिनाच्या पोटांत काय चाललें आहे याची बातमी येथें येऊन थांबते, आणि आपण ती न वाचतां पुसून टाकतों.

मी भिवंडीचा रहिवासी. यंत्रमागांचें आणि गोदामांचें हें गांव; मालाच्या अवजड गाड्यांची रीघ अखंड. त्यामुळें उन्हाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यांत चिखल या टोंकावर बसावयाचाच. पण खरी घाण आंतून येते. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे वाफेच्या रूपानें जवळजवळ लिटरभर पाणी निर्माण होतें. लांबच्या प्रवासांत तें निघून जातें. परंतु घर ते बाजार एवढ्याच फेरींत मागची नळी पुरती तापत नाहीं. मग तें पाणी आंतच सांचतें, काजळींत कालवलें जातें आणि पोलादाला आंतून गंज चढवितें. सकाळीं गाडी सुरू करतांच चार थेंब ठिबकले, तर मात्र भिण्याचें कारण नाहीं.

माझीच फजिती सांगतों. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालावयाची आमच्या घरची रीत. त्यापायीं टोंक घांसण्याचा मला छंदच जडला. दर रविवारीं फडकें काळें आणि तेलकट होई; मी म्हणें, रस्त्याची घाण! पुढें इंजिनांतील ऑइल वरचेवर कमी पडूं लागलें, तेव्हां मेकॅनिकनें विचारलें, ‘साहेब, टोंकाला चिकट काजळी धरत होती का?’ धरत होती. मीच ती आठ महिने पुसत होतों. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, आणि त्या दुरुस्तीचा आंकडा घरांत सांगावयाला मला दोन दिवस लागले.

म्हणून घांसण्याआधीं पाहावें. गाडी थंड असतां पांढरें फडकें टोंकाच्या आंतून फिरवावें. कोरडी, पातळ काजळी आली तर बहुधा काळजी नको. नव्या पद्धतीच्या, थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत ती यावयाचीच. दाट, मखमलीसारखी काळी भुकटी आली तर हवेच्या मानानें इंधन अधिक जात असावें. बोटाला चिकटणारी, तेलकट काजळी ऑइल जळत असल्याची खूण समजावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-सहा’ नियमांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तिचें टोंक काळेंकुट्ट दिसलें, तर त्या गाळणीविषयीं शंका घ्यावी.

येथें एक गोष्ट आग्रहानें सांगतों. डिझेलच्या धुरापासून कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. गाड्या धुणारीं पोरें ही काजळी उघड्या हातांनीं खरवडतात आणि त्याच हातांनीं वडापाव खातात. रबरी हातमोज्यांना फार पैसे पडत नाहींत. ते आपण द्यावे. तसेंच, धुतल्यावर नळी वाळावी म्हणून बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

आतां सफाई. प्रथम भरपूर पाणी, साधा साबण आणि जुना दांत घांसावयाचा ब्रश. काजळी सुटेना तर किंचित् रॉकेल, व पुन्हां साबण. आमच्याकडे मागाखालचा सुताचा गुंता मुबलक. पहिल्या पुसण्याला तो उत्तम. परंतु त्यांत बारीक कचकच अडकलेली असते, म्हणून झिलईच्या वेळीं तो दूर ठेवून जुन्या धोतराचें मऊ फडकें घ्यावें.

तांब्यापितळेवरचे प्रयोग येथें चालत नाहींत. मीठ-लिंबानें तांब्याचा तांब्या उजळतो, पण मिठांतील क्लोराइड स्टेनलेस पोलादाला बारीक खड्डे पाडतें. राख, रांगोळी, काथ्या यांनीं ओरखडे पडतात. संडास धुण्याचें ॲसिड तर जवळही आणूं नये. टोंक क्रोमचें मुलामा दिलेलें असेल तर अधिकच जपावें. तो थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो, आणि एकदां गेला कीं घांसून परत येत नाहीं. त्यावर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यांत बुडवून हलक्या हातानें फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ, म्हणून गंज निघतो आणि मुलामा राहतो. मग ब्रासोसारखी झिलईची औषधी थोडी लावून, पोलादावर रेघा असतील त्याच दिशेनें चोळावी. उष्णतेनें आलेली निळी-सोनेरी झांक हा पोलादावरचा ऑक्साइडचा पातळ पडदा होय. मला ती आवडते, मी ती ठेवतों. वर मेण लावलें तरी तापत्या टोंकावर तें फार दिवस टिकत नाहीं.

झिलईनंतर गाडी किती किलोमीटर चालली आहे तो आंकडा मी आतां वहींत टिपून ठेवतों. गेल्या रविवारीं फडकें फिरविलें. कोरडी, करडी काजळी निघाली.