गाडी का तापते?



बैल धापा टाकू लागला, तर आपण चाबूक उगारत नाही. थांबतो. त्याला काय झाले ते पाहतो. गाडीचेही तसेच आहे.

एकदा घाटात आमची जुनी जीप तापली. वाफ येऊ लागली. मी घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उसळले. हात भाजला. ही खूण अजून आहे, पाहा.

म्हणून पहिला धडा हा : गाडी तापली की इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा. झाकण गार झाल्यावरच उघडा. गरम इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. बीड तडकते.

मग क्रमाने पाहा. पाणी कमी आहे का? नळी गळते का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकला आहे का?

आमच्या जीपची जाळी गवताच्या कुसळांनी गच्च भरली होती. वारा आत जाणार कसा? आणि आम्ही तीन दिवस नुसते पाणी ओतत होतो!

इंजिन तापले, पण रेडिएटर गारच राहिला, तर पाणी सोडणारी झडप अडकली असेल. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिनचे तेल दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले समजा. मग गाडी मुळीच चालवू नका. मिस्त्रीला बोलवा.

मंडळी, नुसते पाणी ओतू नका. ते का उकळले, ते शोधा.