वेतनाच्या हिशेबात न बसलेले घरभाडे



मुंबईसारख्या महागड्या शहरात बेताच्या पगारावर संसार कसा चालवावा, हे सांगणारे उपदेशक पुष्कळ भेटतात. बाहेरचा चहा सोडा, डबा घरून न्या, हप्त्याने वस्तू घेऊ नका! जणू पंचवीस तारखेला रिकामा होणारा खिसा हा गृहिणीच्या हिशेबातील दोष आहे. खाणावळीत जेवून एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगाराला काटकसर कुणी शिकवावी लागली नव्हती. परंतु जेथे काटकसर करताच येत नाही असा एक खर्च आहे, तो म्हणजे घरभाडे. आणि वेतन ठरविताना नेमका तोच सर्वांत कमी मोजला जातो.

1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरविले. कुटुंबात खाणारी तीन माणसे, प्रत्येकी 2,700 कॅलरी, वर्षाला 72 वार कापड, इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. भाडे मात्र सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेचे धरले गेले. तशी घरे सर्वांना मिळाली असती तर त्यात वावगे काहीच नव्हते. घरे थोड्यांना मिळाली. बाकीच्यांना बाजारात भाडे मोजावे लागले. पुढे महाराष्ट्रात 1983 च्या कायद्याने किमान घरभाडे भत्ता ठरला: वेतनाच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते.

अलीकडची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. 2017 साली केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या 24 टक्के, आणि कोणत्याही परिस्थितीत 5,400 रुपयांहून कमी नाही, असा घरभाडे भत्ता मान्य केला. तो पुरेसा होता असे नव्हे. पण 2019 मध्ये राष्ट्रीय किमान वेतनासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने शहरी कामगाराकरिता जी शिफारस केली, ती रोज 375 रुपये वेतन आणि घरभाड्यापोटी फार तर रोज 55 रुपये, म्हणजे महिना 1,430 अशी होती! एकाच कचेरीत कायम शिपाई बसतो आणि कंत्राटी सफाई कामगार झाडू मारतो. खोली शोधायला दोघेही त्याच बाजारात जातात. नोकरी कंत्राटी आहे म्हणून कोणी घरमालक भाडे उतरवीत नाही. उलट अधिक अनामत मागतो.

ही अनामत म्हणजे बेताच्या पगारदाराचा खरा गळफास. करार अकरा महिन्यांचा. आरंभी अनामत आणि दलाली एकरकमी द्यायची. ती पगारातून साठत नाही, म्हणून पतपेढीचे कर्ज निघते किंवा मंगळसूत्र गहाण पडते. अकरा महिन्यांनी भाडे वाढते, नाहीतर बिऱ्हाड हलते, आणि मुलांची शाळा दूर पडते. मग कुटुंब विरार, बदलापूर, कर्जतकडे सरकते. लोकलचा पास स्वस्त आहे हे खरे. परंतु जाण्यायेण्यात रोज तीन-चार तास जातात, त्यांचा मोबदला कोणत्याही वेतनपत्रकात नसतो. स्त्री नोकरी करणारी असेल तर तिचा दिवस पहाटे चारला पाणी भरण्याने सुरू होतो. दिल्लीत कामाला येणाऱ्या फरीदाबाद-गाझियाबादच्या कामगारांची कहाणी याहून वेगळी नाही.

1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल, साखर, रॉकेलचे भाव हा स्वयंपाकघरातला विषय राहिला नाही. भाडे मात्र अजूनही ज्याच्या त्याच्या घरची खाजगी अडचणच समजली जाते. संघटनांच्या मागणीपत्रकांतही ते महागाई भत्त्याच्या शेपटाला जोडलेले असते. त्याचे स्वतंत्र कलम हवे: त्या त्या शहरात सभासद प्रत्यक्ष जे भाडे भरतात त्यावरून ठरलेला भत्ता, कंत्राटी कामगारांनाही तोच, आणि अनामतीसाठी मालकाकडून बिनव्याजी उचल. पुराव्यासाठी प्रत्येक शाखेने भाडेपावत्या गोळा कराव्यात. पावती न देणारे घरमालक पुष्कळ आहेत. तेथे कराराची नक्कल चालेल.