गुणपत्रिकेत न मावणारे गुण



गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभात आमच्या समितीकडून एक चूक झाली. ती आज आम्ही सर्वांसमक्ष कबूल करतो. मावळातल्या एका खेड्यातील आपली एक मुलगी दहावीला होती. शाळेच्या कबड्डी संघाची ती कप्तान. दर रविवारी विहारात लहान मुलांचा अभ्यास घेई. जयंतीला पिण्याच्या पाण्याची सारी व्यवस्था तीच पाही. तिला गुण पडले 58 टक्के. आम्ही सत्कारासाठी 75 टक्क्यांची अट घातली होती. सत्कार इतरांचे झाले आणि ती पाहुण्यांना चहा देत राहिली.

ते आठवले की आम्हांस क्रिकेटपटू पाळवणकर बाळू आठवतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरी करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानात घेतले, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाच्या कप्तानपदी त्यांची नेमणूक झाली नाही. तो मान 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला. राबणाऱ्याचे कौतुक जग करते, परंतु नेतृत्व सोपविताना हात आखडता घेते. निदान आपल्या मुलांच्या बाबतीत तरी आपण तसे करू नये.

गुण असून भागत नाही, ते हेरणाराही लागतो. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांची निवड झाली, प्रशिक्षण मिळाले, खर्चाचा भार शासनाने उचलला, म्हणून ते शिखरावर पोहोचले. आपल्या लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक दरीत अडकलेल्यांना दोरावरून वर काढतात. तेथे काटक शरीर, धीराने चार जणांना पुढे नेण्याची ताकद आणि परक्यासाठी धावण्याची वृत्ती, तिन्ही लागतात. त्यांची परीक्षा कोणत्या पेपरात होते?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अभ्यास सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले, ते ध्यानात ठेवा. पण मैदान आणि सेवा हाही शिक्षणाचाच भाग माना.

पालक आणि सभासदांनाही एक विनंती आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दुसरा. त्यातून एवढे मोठे चैत्य उभे राहिले. तसेच एकाने बुटांचा जोड द्यावा, दुसऱ्याने स्पर्धेच्या गावी जाण्याचे भाडे द्यावे.

या वर्षापासून खेळ, नेतृत्व आणि समाजसेवा यांसाठी स्वतंत्र सत्कार होईल व विद्यार्थी समितीचा कारभार विद्यार्थीच पाहतील, असे आम्ही ठरविले आहे. त्या समितीची पहिली प्रमुख म्हणून ती मुलगी आज पुढच्या रांगेत बसली आहे. आजचा चहा आम्ही समितीचे लोक देणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!