पाण्यात उतरणारे घड्याळ : खरे आणि बनावट

समुद्रकिनाऱ्याजवळच्या बाजारांत पथारीवर मांडलेली काही घड्याळे येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. जाड काच, काळीभोर तबकडी, काचेभोवती आकडे कोरलेले फिरते कडे, आणि तबकडीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत ‘३०० मीटर’. नाव स्वित्झर्लंडमधील एखाद्या विख्यात कारखान्याचे. किंमत मात्र मूळ घड्याळाच्या पट्ट्याइतकीही नाही. ते नकली आहे हे विकणारा फारसे लपवीत नाही आणि घेणाराही जाणून असतो. प्रश्न उरतो तो इतकाच, की असे घड्याळ मनगटावर बांधून पाण्यात उतरावे की नाही?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड बेटाच्या परिसरात पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळ पाहायला जाणाऱ्यांची संख्या आता थोडी नाही, आणि पाणबुड्याचा हा उद्योग शिकून त्यावर पोट भरणारे तरुणही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने तबकडीवरच्या त्या तीन आकड्यांवर भिस्त ठेवली, तर प्रश्न केवळ घड्याळाचा राहत नाही.

प्रथम पाणी काय करते ते पाहू. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार अधिक पडतो. घड्याळाच्या आत असते ती हवा जमिनीवरच्याच दाबाची. काच तीन सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर भरते. ३० मीटर खोलीवर त्या एवढ्याशा काचेवर एकवीस किलोंचा, आणि ३०० मीटरवर दोनशे दहा किलोंचा जादा भार येतो. हा भार काच कदाचित सोशील. पण पाणी काच फोडून आत शिरत नाही, ते फट शोधते.

घड्याळाला अशा तीन वाटा असतात : काचेची कड, पाठीमागचे झाकण, आणि जिच्याने काटे फिरवायचे ती चावी. तिन्ही ठिकाणी बारीक रबरी कडी बसविलेली असते. चांगल्या घड्याळात चावी मळसूत्राने आवळून बंद होते. या रबरी कड्या किती मऊ आहेत, त्यांची खाच किती अचूक कापली आहे, मळसूत्राचे आटे किती नेमके बसतात, यावरच सारे अवलंबून असते. आणि यातले काहीही बाहेरून दिसत नाही.

पाण्यात टिकणाऱ्या घड्याळाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे. १९२६ साली रोलेक्स कारखान्याने मळसूत्री चावीचे व झाकणाचे ‘ऑयस्टर’ नावाचे घड्याळ काढले. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरच्या ७ तारखेला मर्सिडीझ ग्लाइट्झ ही तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. असे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका स्त्रीने आपण तिच्याहून कमी वेळात खाडी पार केल्याचे जाहीर केले, आणि मग तो सारा बनाव असल्याचे स्वतःच कबूल केले. त्या खोट्या पराक्रमामुळे ग्लाइट्झच्या खऱ्या पराक्रमावरही संशयाची छाया पडली. तेव्हा २१ ऑक्टोबरला ती साक्षीदारांदेखत पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात फितीने बांधलेले ‘ऑयस्टर’ होते. पाणी इतके गार होते की दहा तासांहून अधिक पोहल्यावर तिला बाहेर काढावे लागले, आणि खाडी काही पार झाली नाही. तथापि तिच्या धैर्याबद्दल कोणाला शंका उरली नाही, आणि घड्याळ बिनचूक चालत होते. खऱ्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागले ते खोट्याने घोटाळा केल्यामुळे. घड्याळांच्या बाबतीतही पुढे तसेच घडले.

पुढे १९५३ साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांच्या गरजेतून ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ निघाले. त्याच्या नावाचा अर्थ पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. कोकणातील नाखव्यांना हे माप सांगावे लागणार नाही. याच घड्याळाने फिरत्या कड्याचे महत्त्व दाखवून दिले. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची. मग किती मिनिटे गेली ते एका दृष्टिक्षेपात कळते. उत्तम घड्याळात हे कडे एकाच दिशेने फिरते. त्यात मोठे शहाणपण आहे. चुकून धक्का लागून कडे सरकलेच, तर गेलेला वेळ असेल त्याहून जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुड्या थोडा लवकर वर येईल, उशिरा येणार नाही.

आता परीक्षेकडे वळू. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक ६४२५. ते १९८२ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्याप्रमाणे घड्याळ किमान १०० मीटरच्या दाबाला टिकले पाहिजे, आणि परीक्षेत तर लिहिलेल्या खोलीहून सव्वापट दाब द्यावा लागतो. घड्याळ पन्नास तास पाण्यात बुडवून ठेवायचे, खाऱ्या पाण्यात दिवसभर ठेवायचे, चाळीस अंशांच्या ऊन पाण्यातून पाच अंशांच्या गार पाण्यात आणि पुन्हा ऊन पाण्यात घालायचे, अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून काटे दिसतात का ते पाहायचे. शेवटी घड्याळ तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब सोडायचा आणि मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला धुके धरले, तर आत ओल शिरली असे समजून ते घड्याळ बाद करायचे. ‘३०० मीटर’ या अक्षरांमागे असा सारा खटाटोप अभिप्रेत असतो.

बनावट घड्याळ करणारा नक्कल करतो ती अक्षरांची, परीक्षेची नव्हे. कारण परीक्षा नजरेला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे कोणी देत नाही. नकली घड्याळांचे पाठीमागचे झाकण उघडले की कधी रबरी कडी कोरडी पडलेली, कधी वेडीवाकडी बसलेली, कधी मुळीच नसलेली आढळते. चावीला मळसूत्र असते पण ते धड आवळत नाही. फिरते कडे दोन्हीकडे फिरते. काहींच्या बगलेला खोल पाण्यातल्या कामासाठी असणारी हेलियम वायूची झडप दिसते, ती केवळ शोभेची. धातू खाऱ्या पाण्यात टिकणारे पोलाद आहे की वरून मुलामा दिलेले पितळ, हेही कळायला मार्ग नाही.

याचा अर्थ प्रत्येक नकली घड्याळ पहिल्याच डुबकीत बुडते असा नव्हे. काही चांगली बनविलेली असतात आणि कित्येक महिने पाणी सोसतातही. पण ‘काल विहिरीत पोहलो तेव्हा काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. रबर महिन्यागणिक कडक होते. साबण आणि ऊन पाणी त्याचा शत्रू आहे. किनाऱ्यावरच्या उन्हात तापलेले घड्याळ एकदम पाण्यात गेले की आतली हवा निवून आकसते आणि सैल फटीतून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी खोल जाण्याचीही गरज नसते. आणि हा नियम खऱ्या घड्याळालाही लागू आहे. वर्षानुवर्षे कड्या न बदललेले अस्सल घड्याळसुद्धा भरवशाचे राहत नाही.

अंगणातल्या हौदात घड्याळ बंद पडले तर नुकसान चार पैशांचे. पाण्याखाली गोष्ट वेगळी. ३० मीटर खोलीवर प्रचलित तक्त्यांप्रमाणे पाणबुड्याला सुमारे वीस मिनिटेच राहता येते. त्याहून अधिक राहिल्यास रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत, प्रसंगी मृत्यूपर्यंत मजल जाते. टाकीतली हवाही खोलीवर भराभर संपते. अशा वेळी पूर्ण बंद पडलेले घड्याळ त्या मानाने बरे, कारण ते बंद आहे हे दिसते. चार मिनिटे अडखळून पुन्हा चालू लागलेले घड्याळ अधिक घातक. आज पाणबुडे मनगटावरचा संगणक वापरतात आणि घड्याळ जोडीला ठेवतात. पण संगणक बिघडल्यावर ज्याच्याकडे पाहायचे ते साधन तरी खरे हवे.

मग ज्याच्याकडे असे घड्याळ आहे त्याने काय करावे? पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे यापलीकडे त्याला पाण्याशी संबंध ठेवू देऊ नये. पाण्यात चावी कधीही ओढू नये. पोहायला न्यायचेच असेल तर आधी घड्याळजीकडे दाबाची परीक्षा करून घ्यावी. एका यंत्रात घड्याळ पाण्याच्या वर धरून हवेचा दाब देतात, मग ते पाण्यात सोडून दाब उतरवितात. कोठे फट असेल तर तेथून बुडबुडे निघतात. मात्र ही परीक्षा त्या दिवसापुरती खरी. काचेखाली धुके दिसले तर घड्याळ उन्हात वाळवत न ठेवता त्याच दिवशी उघडून घ्यावे. आणि पाणबुड्याचे काम करणाऱ्याने नकली घड्याळ भेट म्हणून मिळाले तरी कामावर बांधू नये.

गरिबाने मग काय करावे, असे कोणी विचारील. स्वस्त असणे हा घड्याळाचा दोष नव्हेच. जपानी कारखान्यांची, स्वतःच्या नावाने विकली जाणारी, २०० मीटरची हमी देणारी माफक किमतीची घड्याळे मिळतात. ती कोणाची नक्कल करीत नाहीत, आणि बिघडली तर जाब कोणाला विचारायचा ते ठाऊक असते. उलट खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा आपल्या देशात १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. असा विक्रेता पुढल्या हंगामात त्याच पथारीवर भेटेलच असे नाही.

तबकडीवरचा आकडा हा कोणीतरी दिलेला शब्द असतो. नकली घड्याळावर तो आकडा असतो, पण शब्द देणारा कोणी नसतो. मित्रमंडळींत मिरवताना हा फरक जाणवत नाही. समुद्रात उतरणाऱ्याने मात्र पायरी सोडण्यापूर्वी एकवार मनगटाकडे पाहावे, आणि शंका असेल तर ते घड्याळ काढून होडीतच ठेवावे.